पापाचा वास

महाराजांचा चेला दशरथ यानं बोळक्यावरचं लाल फडकं उचललं आणि मंगल कार्यालयात मांडी घालून बसलेल्या तीनशे माणसांनी एकदम श्वास रोखला. काळ्या मातीत हिरवे कोंब ताठ उभे होते. बोटभर उंच, कवायतीला उभे केल्यासारखे. मोजले, तर एकवीसच्या एकवीस.

"बीज म्हणजे?" व्यासपीठावरून अंकुरमहाराजांनी विचारलं.

"ब्रह्म!"

"माती म्हणजे?"

"माता!"

"आणि अंकुर म्हणजे?"

"उत्तर!"

"अंकुर खोटं बोलतो का?"

"नाही!"

"आणि माणूस?"

"बोलतो!" तीनशे माणसांनी मोठ्या उत्साहानं कबूल केलं.

हे एकवीस कोंब कुंडलिक धुरी यांच्या नावाचे होते. कुंडलिकराव पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी नम्रपणे खाली पाहिलं, पण मान थोडी ताठच राहिली. आपण सज्जन आहोत अशी त्यांना शंका होतीच. आज मातीनं लिहून दिलं.

साल शहाऐंशी. मुलुंडला नवरात्र संपून पंधरा दिवस झाले होते. दसऱ्याला घटातले कोंब टोपीत खोवून माणसं अजून पुरती कामाला लागली नव्हती, तेवढ्यात अंकुरमहाराज आले. त्यांची पद्धत सोपी होती. घरात काही बिनसलं की महाराजांकडे यायचं. प्रत्येक प्रश्नाला दोन बोळकी. एक विचारणाऱ्याचं, दुसरं ज्याच्याविषयी विचारायचं त्याचं. दोघांना हळद आणि अष्टगंधात घोळलेले एकवीस एकवीस जव मिळायचे. ते आपल्या हातानं पेरायचे. बोळकी कार्यालयातच, देवापुढे, कुलपात राहायची. पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायची. उगवलं तर माणूस स्वच्छ. नाही उगवलं तर दोष त्याच्यात.

दशरथनं दुसरं फडकं उचललं.

माती सपाट होती. एक कोंब नाही. वर पांढुरकी बुरशी आली होती आणि एक आंबूस, गोडसर वास पहिल्या तीन रांगांपर्यंत पसरला.

"हा कसला वास?" महाराजांनी नाकाला उपरणं लावलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "हा पापाचा वास! घट रिकामा, कूस रिकामी. कुंडलिका, तुझा वंश हिच्या पदराशी येऊन थांबला रे! सोमवारी हिला माहेरी पोचव. वर्षभर तोंड बघू नकोस. मुलासाठी दुसरं पात्र शोध."

मातीच्या बोळक्याला आणि बाईला महाराज एकच शब्द वापरत. काटकसरी माणूस.

बायकांच्या बाजूला, चौथ्या रांगेत, धुऱ्यांची सून मीरा बसली होती. तिच्याकडे तीनशे माणसांनी वळून पाहिलं. शेजारी बसलेली बाई किंचित सरकून बसली. मीरा उठली, सरळ व्यासपीठापाशी गेली आणि आपलं बोळकं उचललं.

"अहो ताई, ते विसर्जन करायचं असतं," दशरथ म्हणाला.

"माझ्या पापाचं आहे ना? मग मी नेते घरी," मीरा म्हणाली आणि ते पदराखाली धरून निघून गेली.

*

आता कुंडलिकरावांविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढची लाज नीट कळेल.

कुंडलिकराव मुलुंडच्याच एका माल्ट बनवणाऱ्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत. बावीस वर्षं. माल्ट म्हणजे बार्ली भिजवायची, तिला कोंब फुटू द्यायचा आणि कोंब जोरात आला की भट्टीत घालून तिचा जीव घ्यायचा. मग दाणा गोड होतो, खुसखुशीत होतो. लहान मुलांच्या दुधात जातो आणि मोठ्या माणसांच्या बाटलीतही जातो. कारखान्याच्या मागं तीस वाफे होते. तिथं मोठे साहेब नव्या जातीची बार्ली काढायच्या मागं लागले होते. विलायतेत जी वसंतात पेरतात आणि आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला, ती कमी थंडीत आणि कमी दिवसांत पिकावी, असा त्यांचा ध्यास. त्यासाठी दोन ओळींच्या कणसाचा सहा ओळींच्या कणसाशी संकर करायचा. कोवळं कणीस पोटरीतून, म्हणजे पानाच्या आवरणातून, सोडवायचं, प्रत्येक फुलातले तीन पुंकेसर चिमट्यानं उपटायचे, वर कागदी टोपी घालायची, तीन दिवसांनी दुसऱ्या कणसाचे पराग आणून झटकायचे. चिमटा कुंडलिकरावांच्या हातात असे. त्यांच्यासारखा हात मुलुंडमध्ये नाही, असं साहेब म्हणत. मुलुंडमध्ये दुसरं कुणी हे काम करतही नव्हतं.

शिवाय रोजची उगवण-चाचणी त्यांच्याकडेच होती. ओल्या टीपकागदावर शंभर दाणे, असे चार कागद. शेजारी खात्रीच्या बियाण्याचा पाचवा. कमी उगवले तर पुन्हा लावायचे. पाणी तपासायचं, कागद तपासायचा, गोणी तपासायची. एकाच चाचणीवर विसंबून त्यांनी बावीस वर्षांत एक गोणीसुद्धा परत पाठवली नव्हती.

असा माणूस महाराजांच्या बोळक्यापुढे हात जोडून कसा बसला? तर शब्दामुळे. कारखान्यात असते ती बार्ली. घरी वनमालाबाई, म्हणजे त्यांची बायको, उन्हाळ्यात पीठ करतात ते सातू. आणि देवापुढे असतात ते जव. दाणा एकच. पण कुंडलिकरावांच्या डोक्यात तिन्हींची खाती वेगळी होती आणि एका खात्यातला माणूस दुसऱ्या खात्यात जात नसे. बार्लीला ते प्रश्न विचारायचे. जवांना नमस्कार करायचे.

मीराच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या सांगितल्या. मीरानं आठवड्यात करून घेतल्या, काही दोष निघाला नाही. तिचा नवरा चंद्रप्रकाश टेलिफोन खात्यात होता. त्याला रजा मिळत नव्हती. दोन वर्षं.

कुंडलिकराव पहिल्यांदा महाराजांकडे गेले तेव्हा दारातल्या टेबलावर दशरथनं एका वहीत विचारून घेतलं, "प्रश्न काय? घरात कोण कोण? तुम्हाला स्वतःला कुणाचं वाटतं?"

"सुनेचं वाटतं," कुंडलिकराव म्हणाले.

"काम काय करता?"

"माल्टच्या कारखान्यात आहे."

दशरथनं वहीतून डोकं वर काढलं. "वा! मग महाराजांच्या प्रसादाच्या लाडवांना थोडं माल्ट आणा की. पीठ नको हं, अख्खे दाणे. महाराज स्वतःच्या हातानं दळतात."

माल्टच्या तपासणीचे उरलेले नमुने टाकूनच द्यायचे असत. कुंडलिकरावांनी ते आठवडाभर डब्याच्या पिशवीतून नेले. साहेबांना विचारलं नाही, कारण देवाचं काम. दाणे गेले. लाडू काही आले नाहीत.

*

त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ते कार्यालयातून घरी आले तेव्हा मीराची बॅग पलंगावर उघडी होती. चंद्रप्रकाश गॅलरीत पाठ करून उभा होता. वनमालाबाई दाराशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात, ते बोळकं उपडं केलेलं होतं.

"हे घरात कशाला आणलंस गं?" कुंडलिकराव म्हणाले. "वास बघ केवढा येतोय."

"येतोय ना? मलाही मघाशी तेच वाटलं. पण कुठंतरी घेतलाय म्हटलं हा वास." मीरानं खुंटीवरचा त्यांचा कारखान्याचा खाकी शर्ट काढला आणि त्यांच्यासमोर धरला. "घ्या. पापाचा वास."

"काय वाट्टेल ते बोलू नकोस!"

"हुंगा तर आधी. चार वर्षं हा शर्ट मी धुते, बाबा. मला विचारू नका, नाकाला विचारा."

कुंडलिकरावांनी शर्ट नाकाशी नेला. मग ताटाकडे वाकले. मग पुन्हा शर्ट. वनमालाबाई दारातून म्हणाल्या, "अगो बाई, तोच की!"

हळद धुऊन मीरानं चार दाणे वेगळे काढून ठेवले होते. कुंडलिकरावांनी एक उचलला. हात सवयीनंच चालला. अंगठ्याच्या नखानं त्यांनी दाण्याच्या पाठीवरची साल सोलली. सालीखाली, बुडापासून वर पाऊण दाण्यापर्यंत, एक बारीक पिवळट दोरा चिकटलेला होता. कोंब. आत वाढलेला, आतच वाळलेला. कच्च्या बार्लीत तो असा कधी दिसत नाही. ज्या दाण्याला एकदा उगवू दिलं आणि मग भट्टीत घातलं त्याच्यातच दिसतो. असे दाणे कुंडलिकराव रोज पन्नास सोलत.

त्यांनी दुसरा सोलला. तिसरा. चौथा. मग ते ओट्याला टेकून खाली बसले.

"काय झालं ओ?" वनमालाबाई घाबरल्या.

"हे जव नाहीत," कुंडलिकराव म्हणाले. "म्हणजे जवच आहेत. पण मेलेले. हे आमचं माल्ट आहे. हे मी दिलंय."

गॅलरीतून चंद्रप्रकाश आत आला.

"म्हणजे माझी परीक्षा घ्यायला मेलेले दाणे," मीरा सावकाश म्हणाली, "माझ्याच सासऱ्यानं डब्यातून पोचवले."

"लाडवांसाठी म्हणाला तो..."

"बाबा, तुमच्या वाफ्यात टोपी घातलेल्या कणसात दाणा भरला नाही, तर तुम्ही आधी काय बघता? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला नेऊन दाखवलं होतं तुम्ही. केवढ्या कौतुकानं!"

कुंडलिकरावांनी चंद्रप्रकाशकडे पाहिलं नाही. "पराग," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "पराग जिवंत होते का, ते आधी."

"आणि घरी?"

चंद्रप्रकाश पुन्हा गॅलरीत जायला वळला. "तू थांब इथं," वनमालाबाई म्हणाल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या आपल्या मुलाला काहीतरी बोलल्या.

"उद्या जातो मी," कुंडलिकराव म्हणाले. "महाराजांना एकांतात भेटतो, चूक त्यांच्या पदरात घालतो. सोमवारचं रद्द. बॅग आवर तू."

"एकांतात?" मीरा म्हणाली. "मला तीनशे माणसांत बसवलं होतं. शेजारची बाई सरकून बसली. तुमचा एकांत मला नको, बाबा. जिथं झालं तिथं बोला, नाहीतर बोलूच नका."

कुंडलिकराव सोललेले दाणे मुठीत गोळा करू लागले. कारखान्यात कळेल. नमुने न विचारता नेले, हे साहेबांना कळेल. बावीस वर्षं दाणे तपासणारा माणूस कसा फसला, हे सगळ्या मुलुंडला कळेल. महाराज लबाड आहेत हे सांगणं सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं वाक्य.

*

रविवारी सकाळी कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज रंगात आले होते. "बीज म्हणजे?" "ब्रह्म!" चाललं होतं. कुंडलिकराव उठून टेबलापाशी गेले. त्यांच्या मागोमाग शेजारचे गुणाजी परब गेले. गुणाजींना काही ठाऊक नव्हतं. पण कुठं काही उठलं की ते उठत.

"मला पुन्हा प्रश्न लावायचाय," कुंडलिकराव दशरथला म्हणाले. "विचारणारा मी. आणि ज्याच्याविषयी विचारायचं, तोही मीच."

दशरथ गोंधळला. टेबलाखाली दोन डबे होते, एक पितळी, एक ॲल्युमिनियमचा, लोक म्हणतात तसा जर्मनचा. एकाच माणसाला कुठल्या डब्यातले द्यायचे, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"दोन्हीतले दे," कुंडलिकराव म्हणाले आणि वाकून दोन्ही डबे उचलून टेबलावर ठेवले.

"ए! हात लावायचा नाही!"

कुंडलिकरावांनी पितळी डब्यातला एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट! दाणा फुटला नाही, दाढ दुखली. मग जर्मनच्या डब्यातला धरला. कुर्रकन मोडला. ते चावत राहिले. त्यांना रडू आलं, कारण चव घरची होती.

"देवाचं बीज चावतोस?" महाराज व्यासपीठावरून गरजले. "दात गळून पडतील!"

"माका कवळी आसा," गुणाजी म्हणाले आणि त्यांनी जर्मनच्या डब्यात हात घातला. चावलं. थांबले. "अरे कुंडलिका, ह्ये गोड लागतत रे!" मग पितळीतला चावला आणि कवळी हातात काढून घेतली. "आणि ह्ये मेले दगड!"

झालं. पहिली रांग उठली, मग दुसरी. हळदीनं माखलेले हात, पिवळी तोंडं. कट्ट आणि कुर्र असे दोनच आवाज. "हे गोड!" "हे कडक!" "मला पण दे ना यार!" महाराजांनी परिस्थिती ओळखली आणि हात उंचावले. "गोड लागला म्हणजे प्रसाद झाला! चमत्कार! बीजाचा प्रसाद झाला!"

काही जणांनी खरंच हात जोडले. सवय लवकर जात नाही.

"चमत्कार नाही," कुंडलिकराव ओरडले. त्यांना ओरडायची सवय नव्हती, आवाज फाटला. "माल्ट आहे ते! एकदा उगवून भट्टीत मारलेली बार्ली. ती पुन्हा उगवत नाही. भिजली की आंबते, तोच तो वास. पितळी डब्यात जिवंत दाणा, या डब्यात मेलेला. साल सोलून बघा, पाठीवर वाळका कोंब आहे. भाजलेले असते तर रंगावरून कळलं असतं. म्हणून माल्ट."

"तुला कसं माहीत?" कुणीतरी विचारलं.

आलं ते वाक्य.

"मीच आणून दिलं," कुंडलिकराव म्हणाले. "माझ्या कारखान्यातून. साहेबांना न विचारता. लाडवांसाठी म्हणून."

मग गर्दी फुटली. "म्हणजे तू सामील होतास!" "माझ्या भावाला मी घराबाहेर काढलं रे!" एका माणसानं त्यांची कॉलर धरली. शांताबाई नावाची मोलकरीण मागून पुढं आली. बांगड्यांच्या चोरीच्या आळावरून, न उगवलेल्या जवांच्या साक्षीनं, तिची तीन घरांची कामं गेली होती. तिनं कुंडलिकरावांना शिवी दिली नाही. नुसतं बघितलं. शिवी बरी झाली असती.

"धरा मला," कुंडलिकराव म्हणाले. "पण आधी ही वही वाचा." टेबलावरची वही त्यांनी उघडली. स्वतःचं पान काढलं. "यानं विचारलं, कुणाचं वाटतं? मी सांगितलं, सुनेचं. इथं लिहिलंय, सून. तिलाच मेलेले दाणे मिळाले. महाराजांनी माझ्या सुनेविषयी काही सांगितलं नाही. मी सांगितलं होतं तेच पाच दिवसांनी मोठ्या आवाजात मला ऐकवलं. तुमची पानं बघा. प्रत्येकाच्या पानावर आपलंच बोलणं आहे."

पानं उलटली जाऊ लागली. कॉलर धरणाऱ्यानं आपलं पान वाचलं. त्यावर 'धाकटा भाऊ' असं लिहिलं होतं. त्यानं कॉलर सोडली. पहिली काही मिनिटं माणसं महाराजांवर चिडलेली होती, पण वही जसजशी पुढं सरकली तसतसा आवाज खाली गेला. ज्यानं त्यानं आपलं पान वाचावं आणि वही पुढच्याकडे देताना त्याच्या डोळ्यांकडे बघू नये, असं चाललं. एकानं आपलं पान फाडून खिशात घातलं.

"दाण्याला तुमची सून माहीत नाही, भाऊ माहीत नाही," कुंडलिकराव बोलत होते, आता ओरडत नव्हते. "त्याला ओल कळते, ऊब कळते. जिवंत असला तर उगवतो. शंका आली तर पुन्हा पेरा, शेजारी दुसरा दाणा लावा, फोडून बघा, चावून बघा. एवढंच करायचं असतं. मूल होत नाही तर दोघांना डॉक्टरकडे न्या. चोरी झाली तर चौकीवर जा. कुणी पाच दिवस कुलपात ठेवून उत्तर देतो म्हणाला, तर किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. मी विचारलं नाही."

महाराज कुठं होते? मागच्या दारानं गेले होते. दशरथ मात्र सापडला, आणि पितळी डबाही. चौकीतला हवालदार आला तेव्हा त्यानं आधी एक दाणा चावून बघितला.

*

मीरा कार्यालयाच्या पायरीवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बॅग तिच्या पायाशी होती. शेजारी चंद्रप्रकाश, हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन, दहावीचा निकाल लागायच्या दिवशी उभा होता तसा.

कुंडलिकरावांनी तिच्यासमोर हात जोडले. सासऱ्यानं सुनेपुढे हात जोडले म्हणून येणारी-जाणारी माणसं थांबली. "चुकलो गं. चल घरी."

"बाबा, एक विचारू? दशरथचा हात चुकून पितळी डब्यात गेला असता, माझे एकवीसच्या एकवीस उगवले असते, तर?"

"तर..."

"तर मी चांगली ठरले असते. तुम्ही पेढे वाटले असते. हो ना? आणि त्याच डब्याला नमस्कार करून दुसऱ्या कुणाच्या सुनेची वाट लागताना बघत बसला असता."

कुंडलिकरावांनी जोडलेले हात खाली घेतले.

"दाण्याला सून माहीत नसते, हे आत्ता बोललात. छान बोललात. कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

खोटं बोलण्यासारखं सकाळपासून काही उरलंच नव्हतं. "बावीस वर्षं," ते म्हणाले.

मीरानं मान हलवली. तिला एवढंच ऐकायचं असावं. ती नवऱ्याकडे वळली. "तू उद्या रजा टाक. मी आईकडे चाललेय, आठ दिवस. महाराज म्हणाला म्हणून नाही. मला झोप हवीय म्हणून. परत यायचं की नाही, ते मी ठरवीन."

कुंडलिकराव बॅग उचलायला वाकले.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही आधी त्या शांताबाईबरोबर जा. तीन घरं आहेत. तिन्ही दारांत हेच सगळं सांगा, पहिल्यापासून."

तिनं रिक्षाला हात केला. कुंडलिकराव मागं वळले. शांताबाई चपला घालून खाली उभी होती, वाट बघत.

"कुठलं घर आधी?" त्यांनी विचारलं.

"लांबचं," शांताबाई म्हणाली. "चालत जाऊ. सगळ्यांना दिसू दे."